‘सगळ्यांना आवडलेला गेम मला आवडत नाही, चुकतंय कोण?’

पत्र: आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये झेल्डा मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’बद्दल वाकडा शब्द कुणी ऐकून घेत नाही. मी तो चाळीसेक तास खेळलो, पण मन रमलं नाही. तलवारी सारख्या तुटतात, त्याचा वैताग येतो. एकदा तसं बोलून दाखवलं तर ‘तुला तो गेम कळलाच नाही’ म्हणून मला गप्प केलं. ‘डायनेस्टी वॉरियर्स ८’ मात्र स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) तीनशे तासांच्या वर खेळलोय. तो सुरू करण्याआधी स्टीम ऑफलाइन करतो, कुणाला दिसायला नको म्हणून. फोनवर ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ रोज उघडतो. त्यात पैसेही गेलेत, ते कुणालाच सांगितलेलं नाही. माझी आवड खालच्या दर्जाची आहे का? ब्रेथ ऑफ द वाइल्ड नेटाने संपवू का? आणि मला खरं काय वाटतं ते भांडण न होता कसं सांगू? — लपून खेळणारा

उत्तर: तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच लाजेखाली ठेवल्या आहेत. एक गेम आवडला नाही, एक खूप आवडला, आणि एक पैसे घेतो. पहिल्या दोघांत लाजण्यासारखं काही नाही. तिसऱ्यात लाज उपयोगाची नाही, हिशोब उपयोगाचा आहे. तो शेवटाकडे मांडू.

आधी तलवारी. २०१७ साली गेम आला तेव्हापासून त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला असेल तर तो तुटणाऱ्या शस्त्रांवरच, त्यामुळे तुम्ही या मताचे एकटे नाही. पण मत पक्कं करण्याआधी एक तपासून घ्या. शस्त्रांचं तुटणं तुम्हाला मुळातच नको आहे, की ते सांभाळायच्या युक्त्या न वापरल्यामुळे जास्त बोचलं? मित्र ‘कळलाच नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक हेच असतं. एकदा खात्री करून घेतलीत की तो मुद्दा तुमच्यापुरता निकालात निघेल.

सुरुवातीला शस्त्रांसाठी ८ जागा असतात. काकारिको गावाच्या वाटेवर हेस्टू नावाचा मोठा कोरोक, म्हणजे जंगलातला एक आत्मा, भेटतो. कोरोकच्या बिया त्याला दिल्या की तो जागा वाढवून देतो. शस्त्रांची पहिली जागा १ बीत मिळते, पुढच्या २, ३, ५, ८ अशा महागत जातात. इथे दोन चुका होतात. काही जण हेस्टूला ओलांडून पुढे जातात आणि बिया पिशवीत तशाच पडून राहतात. काही जण तलवार, धनुष्य आणि ढाल यांत बिया सारख्या वाटतात. सुरुवातीच्या सगळ्या बिया शस्त्रांवरच घाला. धनुष्य इतक्या लवकर तुटत नाही, आणि नीट चुकवायला जमलं तर ढालीची तेवढी गरजही पडत नाही.

दुसरी गोष्ट, शस्त्र मोडकळीला आलं की तसा संदेश येतो आणि चिन्ह लाल लुकलुकतं. अशा वेळी ते जपून ठेवू नका, शत्रूवर फेका. फेकलेलं शस्त्र लागून तुटलं तर घाव दुप्पट बसतो. झाडं पाडायला आणि दगड फोडायला तलवार वापरूच नका, त्यासाठी रिमोट बॉम्ब आहेत आणि ते कधी संपत नाहीत. शत्रूच्या हातातलं शस्त्र चांगलं असेल तर त्याला विजेचा झटका द्या, ते गळून पडतं आणि तुम्हाला उचलता येतं. गंजलेली तलवार सापडली तर डेथ माउंटनच्या भागातल्या ऑक्टोरोक नावाच्या राक्षसासमोर टाका. तो ती आत ओढतो आणि चकचकीत करून बाहेर थुंकतो.

आणि मास्टर स्वोर्ड, म्हणजे या गेममधली खास तलवार. ती कायमची तुटत नाही. तिची ताकद संपली की १० मिनिटांत परत येते. ती उपसायला पूर्ण १३ हृदयं लागतात, आणि पिवळी तात्पुरती हृदयं त्यात धरली जात नाहीत. सुरुवातीला ३ हृदयं असतात. चार डिव्हाइन बीस्ट (राक्षसांनी ताब्यात घेतलेले महाकाय यांत्रिक प्राणी) सोडवले की प्रत्येकी एक मिळून ७ होतात. राहिलेल्या ६ हृदयांसाठी प्रत्येकी ४ ऑर्ब लागतात, आणि एका श्राइनमधून (कोड्यांच्या छोट्या मंदिरातून) एक ऑर्ब मिळतो, म्हणजे २४ श्राइन. चाळीस तास खेळला आहात म्हणजे यातले बरेच श्राइन बहुधा झाले असतील. ऑर्ब स्टॅमिनावर घातले असतील तरी अडत नाही. हातेनो गावाजवळची शिंगांची मूर्ती स्टॅमिना काढून त्याबदली हृदय देते. एका अदलाबदलीला २० रुपी (गेममधले पैसे) जातात. तलवार मिळाल्यावर हवं तर परत स्टॅमिना करून घ्या.

एवढं केल्यावर अजून पाच-सहा तास खेळून बघा. तरीही कंटाळा आला तर गेम तुम्हाला कळलेला आहे आणि आवडलेला नाही. दोन्ही एकदमच खरं असू शकतं.

आता तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुमच्या स्वतःच्याच लक्षात आलेली दिसत नाही. ब्रेथ ऑफ द वाइल्ड न आवडणं आणि डायनेस्टी वॉरियर्स आवडणं, ही एकाच आवडीची दोन टोकं आहेत. पहिला गेम मुद्दामच तुमच्या हातात एक शस्त्र टिकू देत नाही. हाताला येईल त्यावर भागवा आणि नवीन शोधत फिरा, हा त्याचा सगळा खेळ आहे. दुसऱ्यात तुम्ही एक पात्र आणि त्याची शस्त्रं निवडता आणि शेकडो लढायांत त्याचा हात बसवता. तुम्हाला हात बसवण्यात मजा येते. अशा माणसाला दर वीस फटक्यांनी हत्यार बदलायला लावलं तर तो वैतागणारच. यात उच्च-नीच काही नाही.

डायनेस्टी वॉरियर्सला ‘बटण बडवायचा गेम’ म्हणतात, आणि सोप्या पातळीवर ते खरंच आहे. वरच्या पातळीवर तसं खेळणारा फार वेळ टिकत नाही. साध्या वारांच्या मधे जड वार नेमका कितव्या ठोक्याला घालायचा यावर सगळं अवलंबून असतं. एक साधा आणि मग जड मारला की बहुतेक पात्रं शत्रूला हवेत उडवतात. तीन साधे आणि मग जड मारला तर भोवतालची गर्दी बाजूला फेकली जाते. शत्रूचा अधिकारी एकटा समोर असेल तर पहिला उपयोगी, वेढले गेलात तर दुसरा. आठव्या भागात तुम्ही दोन शस्त्रं बाळगता आणि प्रत्येकावर स्वर्ग, पृथ्वी, माणूस यांपैकी एक गुण असतो. या तिघांचं एक चक्र आहे. समोरच्या अधिकाऱ्याच्या गुणावर मात करणारं शस्त्र हातात असेल तर त्याची पट्टी झपाट्याने रिकामी होते आणि मग तुमच्या वारांची सरबत्ती सुरू होते. उलटा गुण घेऊन गेलात तर नुसते ठोकत राहता.

या मालिकेत हरणारे बहुतेक एकाच कारणाने हरतात. पडलेल्या शत्रूंचा आकडा वाढताना बघत एका कोपऱ्यात रमतात आणि नकाशाच्या दुसऱ्या टोकाला आपला सेनापती पडतो. सेनापती पडला की लढाई संपली, तुम्ही कितीही शत्रू पाडलेले असोत. म्हणून जाणता खेळाडू मधूनमधून नकाशा उघडतो, कुठल्या सरदाराचं मनोबल खचलंय ते बघतो आणि घोड्यावरून तिकडे धावतो. म्हणजे गर्दी कापण्याइतकंच कुठे जायचं हे ठरवण्यालाही महत्त्व आहे. मित्रांना हे ठाऊक नसेल, कारण अर्धा तास खेळून बाजूला ठेवणाऱ्याला हे दिसतच नाही.

मग या मालिकेला समीक्षक कमी गुण का देत आले? ‘तेच ते आहे’ हा आक्षेप वर्षानुवर्षं आहे आणि तो खोटा नाही. पण समीक्षकाला पूर्ण गेम थोड्या दिवसांत सलग संपवावा लागतो. रात्री एक लढाई खेळून झोपणाऱ्याला पुनरावृत्तीत विसावा मिळतो, तर तीच लढाई दिवसातून बारा वेळा खेळणाऱ्याला ती शिक्षा वाटते. गुण देणारा आणि तुम्ही वेगळ्या परिस्थितीत खेळता, म्हणून गुण वेगळे पडतात. याचं ठळक उदाहरण म्हणजे कॅपकॉमचा २००६ चा ‘गॉड हॅंड’. आयजीएन या गेमच्या संकेतस्थळाने त्याला १० पैकी ३ दिले. पण त्यात तुम्ही चांगलं खेळाल तसा गेम आपोआप कठीण होतो आणि मार खाल्लात की सैल पडतो. शिवाय वारांची मालिका तुम्ही स्वतः जुळवायची असते. सवय व्हायला वेळ लागतो, आणि ज्यांनी तो वेळ दिला ते आजही त्याचं नाव काढतात. ‘विंड वेकर’चंही तसंच. त्याची कार्टूनसारखी चित्रं पहिल्यांदा दाखवली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. आता झेल्डा मालिकेतल्या देखण्या भागांत त्याचं नाव घेतात.

याचा अर्थ नापसंत झालेला प्रत्येक गेम आतून सोन्याचा असतो असा मुळीच नाही. काही गेम वाईटच असतात, आणि वाईट गेम आवडला तरी त्यात अपराध नाही. एवढंच करा की तो वाईट कुठे आहे ते ओळखा. ‘कॅमेरा भिंतीत अडकतो, आवाज हास्यास्पद आहेत, तरी लढाईची पकड घट्ट आहे’ असं तुम्ही स्वतःच आधी म्हणालात की चिडवणाऱ्याला बोलायला काही उरत नाही.

आता संपवायचं का? पूर्ण संपवण्याचा हट्ट सोडा. या गेममध्ये ९०० कोरोक आहेत. सगळ्या जागा वाढवायला ४४१ बिया पुरतात. त्यापुढच्या बिया गोळा केल्या तर शेवटी हाती येतं ते हेस्टूचं एक नाचाचं बक्षीस, आणि त्याचा खेळात काहीही उपयोग नाही. बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की सगळं गोळा करायची गरज नाही. मित्रांशी बोलता यावं म्हणून शेवट बघायचाच असेल तर वाट मोकळी आहे. ग्रेट प्लेटो या सुरुवातीच्या पठारावरून उतरलं की शेवटचा खलनायक गॅनन याच्याकडे केव्हाही जाता येतं. चारही बीस्ट सोडवले असतील तर लढाईच्या सुरुवातीलाच त्याची अर्धी ताकद उडते. जे सोडवले नसतील त्यांचे राक्षस वाड्यात त्याच्याआधी एकामागून एक लढावे लागतात. दोन बीस्ट झाले असतील तर दोन राक्षस आणि मग गॅनन. एक-दोन संध्याकाळी पुरतील. जाण्याआधी हार्टी ट्रफल किंवा हार्टी ड्युरियन एकेकटं शिजवून चार-पाच ताटं तयार ठेवा. ‘हार्टी’ पदार्थ एका वेळी एकच शिजवला तरी सगळी हृदयं भरून निघतात, पाच एकत्र घालून वाया घालवू नका. तेवढीही इच्छा नसेल तर आजच बंद करा. चाळीस तास हे मत बनवायला भरपूर आहेत.

मत सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं वाटतं. भांडण मतावरून होत नाही, निकालावरून होतं. ‘उगाच डोक्यावर घेतलेला गेम आहे’ हा निकाल झाला. त्यात मित्रांच्या आवडीवरच शेरा येतो, मग ते तुमच्या आवडीवर शेरा मारणार. त्याऐवजी एकच यंत्रणा धरा, तिच्यामुळे तुम्ही काय करायला लागलात ते सांगा, आणि तुम्हाला काय हवं होतं ते सांगा. उदाहरणार्थ: ‘लढाईत जेवढी शस्त्रं खर्च होतात तेवढीच परत मिळतात. म्हणून मी छावण्या टाळायला लागलो, आणि मग नुसतं डोंगर चढणं उरलं. मला एकाच तलवारीवर हात बसवायचा होता.’ या तीन वाक्यांना ‘तुला कळलं नाही’ हे उत्तर देता येत नाही, कारण गेम कसा चालतो ते त्यांतच सांगितलेलं आहे. मित्राला उत्तर द्यायचंच असेल तर त्याला यंत्रणेवर बोलावं लागेल. तो म्हणेल, शस्त्र टिकलं असतं तर लोकांनी पहिल्या चांगल्या तलवारीवर सगळा गेम काढला असता आणि भाले, कुऱ्हाडी, बूमरँग कुणी हातात धरलेच नसते. हा मुद्दा बरोबर आहे. तो मान्य करून तुमचा मुद्दा कायम ठेवता येतो.

वेळही सांभाळा. मित्राने काल रात्री गेम संपवला असेल तर आज तुमचा आक्षेप काढू नका. आणि खेळलेले तास आधीच सांगून टाका. दोन तासांवरून काढलेलं मत कुणी मोजत नाही, चाळीस तासांचं मोजावं लागतं.

स्टीमबद्दल. ऑफलाइन जाण्याने तुमचा हेतू साधत नाही. ऑफलाइन मोडमधला वेळही पुन्हा जोडल्यावर नोंदीत येऊ शकतो, आणि गेम तुमच्या यादीत दिसतच राहतो. लोक आणखी एक चूक करतात ती म्हणजे ‘हाइड’ वापरणं. त्याने गेम फक्त तुमच्या स्वतःच्या लायब्ररीतून बाजूला होतो, मित्रांना दिसायचा तो दिसतोच. खरोखर झाकायचा असेल तर लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करा, ‘मॅनेज’मध्ये जा आणि ‘मार्क ॲज प्रायव्हेट’ निवडा. मग तो तुमच्याकडे आहे हे, तुम्ही तो आत्ता खेळताय हे, आणि त्यात किती वेळ गेला हे मित्रांना दिसत नाही. फक्त तासांचा आकडा नको असेल तर प्रोफाइलच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘गेम डिटेल्स’खाली एकूण वेळ नेहमी खाजगी ठेवण्याची खूण आहे, ती करा. ही सोय वापरण्यात गैर काही नाही. तरी आमचं मत विचाराल तर हा गेम उघडा ठेवा. तीनशे तास हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

आता गेन्शिन. इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण हा आवडीचा मामला नाही. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’चं उदाहरण बघा. त्यात पेटी उघडली की जुगाराच्या यंत्रासारखे दिवे आणि आवाज सुरू होतात, आणि तो बनवणारा लुका गलांते आधी जुगाराच्या गेमच्या धंद्यातच काम करत होता. पण पेटीसाठी खिशातला पैसा मागितला जात नाही. झगमगाट तोच, पण आत पैशाची झडप नाही. त्याला २०२३ मध्ये बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. गेन्शिनमध्ये ती झडप आहे, म्हणून तिचे आकडे तोंडपाठ हवेत.

गेन्शिनमध्ये पात्रं सोडतीने मिळतात, आणि एकेका सोडतीला ‘पुल’ म्हणतात. पाच ताऱ्यांचं, म्हणजे सर्वात दुर्मिळ पात्र मिळण्याची मूळ शक्यता एका पुलला ०.६ टक्के आहे. ९० व्या पुलला ते नक्की मिळतं. खेळाडूंच्या नोंदींवरून साधारण ७४ व्या पुलपासून शक्यता चढायला लागते. पण मिळालेलं पात्र हवं तेच असेल असं नाही. ती शक्यता जेमतेम अर्धी, नंतरच्या आवृत्तीत किंचित वाढवलेली. ते हुकलं तर पुढचं पाच ताऱ्यांचं पात्र मात्र हवं तेच मिळतं. म्हणजे वाईटात वाईट १८० पुल. एका पुलला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), एकूण २८,८००. रोजच्या चार कामगिऱ्यांतून मिळतात ६०, म्हणजे महिन्याला १,८००, जेमतेम ११ पुल. बाकी इव्हेंट आणि शोधाशोधीतून येतात, पण निव्वळ रोज उघडून हवं ते पात्र नक्की मिळवायला वर्षाच्या वर लागेल, आणि त्या तफावतीवरच दुकान चालतं.

म्हणून तीन नियम. २८,८०० प्रिमोजेम जमल्याशिवाय पुल करायचा नाही. पैसे जातात ते बहुतेक ‘अजून दहाच’ म्हणताना, आणि तेव्हा लक्षातच येत नाही की मोजणी तशीच राहते. आज थांबलात तरी आतापर्यंतचे पुल त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरला (सोडतीच्या फेरीला) धरले जातात. म्हणजे ‘आता थांबलो तर सगळं वाया’ ही भीती खोटी आहे. दुसरं, फोनमधून साठवलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी आकडे टाइप करावे लागले की हात थांबतो. तिसरं, रेझिनच्या (बक्षिसं घ्यायला लागणाऱ्या, आपोआप भरणाऱ्या ऊर्जेच्या) मागे धावू नका. दर ८ मिनिटांना एक या हिशोबाने २०० रेझिन २६ तास ४० मिनिटांत भरतं आणि मग थांबतं. ‘वाया जाईल’ म्हणून रोज उघडायला लावणारी ओढ तीच आहे. जाणूनबुजून आठवडाभर ते भरून वाहू द्या. आठवड्यानंतर गेम उघडावासा वाटला तर तो आवडीने खेळताय असं समजा. वाटला नाही तर काढून टाका. आतापर्यंतचा एकूण खर्च फोनच्या स्टोअरमधल्या खरेदीच्या यादीत मिळतो. तो एकदा बसून जोडा आणि एका मित्राला आकडा सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही.

मित्रांकडे परत येताना एक गेम हाताशी ठेवा: ‘हायरूल वॉरियर्स: एज ऑफ कॅलॅमिटी’. नोव्हेंबर २०२० मध्ये निन्टेंडोच्या स्विचवर आला. जग ब्रेथ ऑफ द वाइल्डचं, त्याच्या १०० वर्षं आधीचं, आणि खेळ पूर्णपणे तुमच्या डायनेस्टी वॉरियर्सचा. शस्त्रं तुटत नाहीत, लोहाराकडे एकमेकांत मिसळून वाढवता येतात. एका पडद्यावर दोघांना खेळता येतं, मात्र पडदा विभागला की गर्दीत गेम अडखळतो, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे पहिलाच शेरा त्यावर येणार नाही. मोफत डेमो आहे आणि त्यातली प्रगती पूर्ण गेममध्ये पुढे नेता येते. मित्राला लिंक हे पात्र खेळायला द्या. लिंक म्हणजे ब्रेथ ऑफ द वाइल्डचाच नायक, त्यामुळे त्याची हालचाल मित्राला ओळखीची वाटेल. वाय साधा वार, एक्स जड वार. मोठ्या शत्रूचा वार चुकवला की त्याच्या अंगावर षटकोनी पट्टी दिसते. ती संपेपर्यंत मारायचं आणि मग एक्स. पातळी ‘हार्ड’ ठेवा. ‘इझी’वर तो बटणं बडवेल, जिंकेल आणि म्हणेल की यात काय आहे. ‘हार्ड’वर दुसऱ्या-तिसऱ्या लढाईतच त्याला चुकवायला शिकावं लागेल.